घागर भरेपर्यंत

नळ फुसफुसला, एवढंच झालं. धुळ्यात तेव्हा तिसऱ्या दिवशी पाणी यायचं आणि पाण्याच्या आधी नळातून हवा यायची, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. हवा आली की बाया भांडी घेऊन धावायच्या. तोतारामही बादली लावून मोरीत उकिडवा बसला होता. आधी लांब उसासा आला, मग तांबूस पाण्याचे दोन थेंब, मग घसा खरवडल्यासारखा खोकला, आणि पुन्हा नुसती कोरडी हवा. तोतारामचा उजवा हात आपोआप उठला, गुडघ्याच्या उंचीवर गेला आणि तिथं नसलेला एक दांडा मागे ओढू लागला. आपला हात काय करतोय हे तो पाहत होता. हात थांबत नव्हता. दांडा ओढला की इंजिन मंद होतं, इंजिन मंद झालं की पंप जळत नाही, एवढं हाताला पाठ होतं. हाताला सालं, देश, माणसं यांचं काही कळत नव्हतं. पुढे पाणी आलं, बादली भरली, काठावरून सांडलं, त्याच्या पायांवरून मोरीत गेलं, तरी तो तसाच बसून राहिला. मागून मंदाबाई ओरडली तेव्हा त्याला कळलं.

"काय व्हयनं तुमले? बादली भरी गई, बठ्ठं पानी मोरीमा जाई ऱ्हायनं, आन तुम्ही नुसता देखतस!"

त्यानं नळ बंद केला. हात मांडीखाली घेतला.

"चार आखाजी तुमनं पोट दुखनं," मंदाबाई म्हणाली. "आते यंदा काय दुखी? बस चुकाडतस का?"

तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की लग्नाआधी आपला नवरा इराकमध्ये होता, तिथं लढाई चालू होती, त्याचा जोडीदार लोटन गोळा लागून मेला, आणि म्हणून लोटनच्या आईचं कार्ड आलं की हा दोन दिवस धड जेवत नाही. कार्ड महिन्यापूर्वीच आलं होतं. शर्टाच्या खिशात घामानं त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या. अक्षर लोटनच्या बहिणीचं, कुंदाचं, बोल आईचे. 'तोतारामास द्रौपदाबाईचा आशीर्वाद. शेजारचे आधार आबा माघात वारले. चार सालं तेच लोटनच्या घागरीवर बसले. आता कोणाला बसवावं. तू त्याच्यासंगे एका ताटात जेवला आहेस. या आखाजीला येणे. सबब सांगू नये.'

सबबी त्यानं चारही वर्षी सांगितल्या होत्या. एकदा ताप, एकदा शाळेची परीक्षा, एकदा सासऱ्याचं आजारपण. चौथ्यांदा काही सुचलंच नाही म्हणून उत्तरच धाडलं नव्हतं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. घागरीवर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आंबे ठेवतात, सांजोरी ठेवतात, आणि एका जित्या माणसाला पाटावर बसवून त्याला त्या मेलेल्याच्या जागी मानतात. त्याचे पाय धुतात, त्याच्या ओंजळीत त्या घागरीचं पाणी घालतात. तो प्यायला की वरचा प्यायला. वरती ऊन फार असतं म्हणतात, वाटेत कुठं पाणी नसतं, वर्षातनं एकदा हीच काय ती ओंजळ. असोद्यात लहानपणी त्यानं आपल्या आजोबांच्या घागरीवर शेजारचा म्हातारा बसलेला पाहिला होता. म्हातारा पाणी पिताना डोळे मिटून घ्यायचा, आणि आजी त्याला थेट आजोबांच्या नावानं हाक मारायची, लाजत लाजत. तेव्हा तोतारामला हसू यायचं. आता तीच हाक त्याच्यावर येणार होती. पाण्यावाचून जो उभा राहिला, त्याचं पाणी त्यानं प्यायचं होतं. आणि ज्यानं त्याचं पाणी तोडलं तोही तोतारामच.

पारोळ्याच्या पुढे बस तापली. खिडकीची दांडी हाताला चटका द्यायला लागली. पुढच्या बाकावर एक सासुरवाशीण माहेरी निघाली होती, तिच्या मांडीवरच्या पिशवीतून आंब्यांचा वास येत होता. कंडक्टर तिला म्हणत होता, "अक्का, इतले आंबे? मास्तरले एखादा देशी का नुसता वासच?" आणि ती म्हणत होती, "तुमी आधी सुट्टे द्या, मंग आंबा." माणसं हसली. तोतारामही हसला असावा, कारण शेजाऱ्यानं त्याच्याकडे पाहून मान हलवली. आज पाहुरात, लोटनच्या घरी जाऊन सांगायचं, असं त्यानं एरंडोल येईपर्यंत पक्कं केलं. एरंडोल मागे पडल्यावर ते ढिलं झालं. बांभोरीच्या पुलावर बस आली तेव्हा खाली गिरणा होती, म्हणजे वाळू होती, आणि वाळूत कुणीतरी खणलेल्या झिऱ्यात थाळीएवढं आभाळ होतं. नदी म्हटलं की ही. आखाडात येते, भादव्यात दोन्ही थडी भरून जाते, पौषात पोटरीएवढी होते, चैत्रात नाहीशी. एकदा गेली की गेली. काठावरच्या इंजिनवाल्याला नदीकडे रोज पाहावं लागत नाही. असोद्याचा तोताराम इंजिनवाला म्हणून पंचक्रोशीत नाव होतं. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, वॉशर गेलाय की पाईप हवा ओढतोय. चोखणीचा पाईप नदीत सोडायचा, त्याच्या तोंडाची जाळी दोन हात पाण्याखाली ठेवायची, शेजारी वाळूत एक काडी रोवायची, पाण्याच्या कडेला. आठ दिवसांनी पाणी काडीपासून बोटभर मागे सरकलेलं दिसे. मग पाईप बोटभर पुढे. केळीच्या बागा त्यानं याच हिशेबावर जगवल्या होत्या. हाच हिशेब घेऊन तो बसऱ्याला गेला.

दोघं एकाच कंपनीच्या कामावर गेले होते, गटाराचे नळ टाकायला. लोटन पाहूरचा, पाईप जोडणारा, हा पंपावर. लढाई आधीपासून होतीच, पण ती लांब होती, रात्री क्षितिजावर लाल दिसायची, पावसाळ्यातल्या विजेसारखी. शहाऐंशीच्या हिवाळ्यात ती शहरात आली. गोळे पडायला लागले, वरून विमानं. पाण्याचे मोठे नळ रस्त्याखाली फुटले आणि शहराच्या आगीच्या बंबांना पाणी मिळेना. तेव्हा बंबखात्याचा साहेब कंपनीच्या छावणीत आला. अबू करीम नाव. पोट सुटलेला, मिशांत चिखल. तो म्हणाला, पंप द्या आणि पंप चालवणारी माणसं द्या. कुणावर जबरदस्ती नव्हती. आठ जणांनी हात वर केले, त्यांत लोटन पहिला. का, म्हणून तोतारामनं मागाहून विचारलं तर म्हणाला, "अरे भो, गटाराचा पाईप जोडून कंटाळलो. लोक तरी म्हनतीन, पाहूरच्या लोटननं आग इझवली." आणि लोटन गेला म्हणून तोताराम गेला. पुढची सगळी वर्षं त्या वाक्यावर तो पुन्हा पुन्हा येऊन थांबायचा, की लोटन गेला म्हणून मी गेलो. ते उलटं करून पाहायचा. उलटं होत नसे.

त्या शहराला कसं राखलं हे कुणी विचारलं असतं तर त्यानं दिवसभर सांगितलं असतं. विचारणारं कुणी नव्हतं. धुळ्यात तो शिपाई होता त्या शाळेतल्या मास्तरांनी यंदा जानेवारीत टीव्हीवर बसरा पुन्हा जळताना पाहिलं, पूल तुटलेले पाहिले, आणि शिपायांच्या खोलीत येऊन विचारलं, "तोताराम, तू तिथंच होतास ना रे? खजूर कसे असतात तिथले?" तो म्हणाला, चांगले असतात. शहर सगळं कालव्यांचं होतं, मोठ्या नदीतून निघालेले कालवे गल्लीगल्लीत शिरलेले, दर कालव्यावर पूल. अबू करीमनं दर पुलापाशी एक पंप मांडला होता. बंबांना आणि दवाखान्याच्या गाड्यांना चिखल फासला होता, म्हणजे वरून काच चमकू नये. लाल रंग कुठं दिसायचा नाही, एखाद्या दाराच्या कडेला नखाएवढा. दवाखाना तळघरात नेला होता. वर रिकाम्या खाटा, खाली माणसं. गोळा पडला की आधी धुळीचा खांब उठायचा, मग आवाज, मग क्षणभर काहीच नाही, आणि त्या काहीच नाहीतून बंबाची घंटा यायची. ती घंटा आली की तळघरातल्या बाया 'आले, आले' म्हणायच्या. भाषा कळत नव्हती, तेवढं कळायचं. दर पंपावर माणसं तीन. एक पंपावर, एक आगीपाशी नळीचं तोंड धरून, आणि तिसरा नदीवर. नळीवरच्या माणसाशी बोलायचं ते नळीनंच, कारण आवाजात आवाज ऐकू येत नाही. एक हिसका म्हणजे पाणी वाढवतो, दोन हिसके म्हणजे सगळं टाकून मागे ये. दोन हिसके बसल्याशिवाय जागा सोडायची नाही. भिंत भिजवत राहायची. आपण हललो तर मागचं तळघर उघडं पडतं.

तिसरा माणूस, नदीवरचा. तोतारामच्या पंपावर तो जब्बार चाचा होता, म्हातारा नावाडी. त्याचं काम काय, तर जाळीजवळ काठावर बसायचं, दोन्ही पाय पाण्यात सोडून. पाणी घोट्यावरून उतरलं की ओरडायचं. मग पाईप पुढे ढकलायचा, आणखी उतरलं की आणखी पुढे, थेट कालव्याच्या मधल्या घळीपर्यंत. कारण ती नदी दिवसातून दोनदा मागे जायची. समुद्र लांब होता, पण त्याचा श्वास तिथवर यायचा. सहा तास पाणी चढे, सहा तास उतरे, आणि उतरलं की कालव्यात नुसता काळा चिखल आणि आडव्या झालेल्या होड्या. बंबखान्याच्या भिंतीवर खडूनं रोजची वेळ लिहिलेली असे, ती रोज पाऊण तास पुढे सरके. आकडे त्यांच्या लिपीतले. अबू करीमनं पहिल्या दिवशी हातवारे करून समजावलं होतं, हात छातीपर्यंत आणला, मग गुडघ्यापर्यंत. लोटन आणि तोताराम एकमेकांकडे पाहून हसले होते. "नदी कुठी मागं जाती का भो?" लोटन म्हणाला होता. "हा काय आपल्याले शेंडी लावून राह्यला? आपली वाघूर बरी. गेली की सरळ आखाडातच तोंड दाखवती, सासरी गेल्यावानी." त्यांना कामावर येऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांत जेव्हा जेव्हा पंप चालला तेव्हा योगायोगानं पाणी भरलेलं होतं, आणि बाकीचा वेळ दोघं लांब छावणीत असत. आणि तो म्हातारा तासन्तास पाय सोडून बसलेला पाहून तोतारामला त्याची कीव यायची. थंडीचे दिवस. पाय निळे पडलेले. हे काय काम म्हणायचं?

जळगावच्या स्टँडवर त्यानं बस बदलली. उसाचा रस घेतला, अर्धा प्यायला, ग्लास ठेवून दिला. नेरीच्या पुढे रस्ता चढाला लागला आणि कपाशीची उघडी काळी रानं उन्हात थरथरायला लागली, त्यांवर पाणी असल्यासारखं दिसत होतं. पाणी नव्हतं. त्यानं डोळे मिटले. डोळे मिटले की तो दिवस पहिल्यापासून सुरू होई, मधून कधीच नाही. सकाळचे दहा. खजुराच्या गोदामावर गोळा पडला. गोदाम आणि दवाखाना यांच्यामध्ये एक बोळ, दोन माणसं शेजारी चालतील एवढा. लाकडाच्या पेट्या धडाधड पेटल्या, खजुराचा पाक उकळून दारातून बाहेर आला, गोड करपट वास. अजून गूळ उकळत असला की तोताराम रस्ता बदलतो. लोटन नळी घेऊन बोळात गेला, दवाखान्याची भिंत भिजवायला. जाताना मागे वळून म्हणाला, "पानी बारीक नको सोडू, असोद्यावाल्या. बायको नळावर भांडती तसं सोड." पाणी दणक्यात गेलं. तोतारामनं जाळी दोन हात खाली सोडली होती. शेजारी काडी रोवली होती. दवाखान्यातून माणसं बाहेर काढायला सुरुवात झाली, झोळ्यांतून, दारांच्या फळ्यांवरून, पाठुंगळी. उचलणारे कमी पडत होते. एक नर्स दोन तान्ही पोरं दोन बगलांत धरून रस्त्याच्या मध्ये उभी होती आणि तिला पुढे जाता येत नव्हतं. तोतारामनं जब्बार चाचाकडे पाहिलं. म्हातारा पाय सोडून बसलेला. तोतारामनं त्याला खांद्याला धरून उठवलं, दवाखान्याकडे बोट केलं. म्हातारा पाण्याकडे बोट करून काहीतरी म्हणाला. तोतारामनं त्याला पुन्हा ढकललं. जा, माणसं उचल. पाण्याकडे काय पाहायचंय? मी आहे ना इथं. म्हातारा गेला. त्यानं त्या दिवशी अकरा माणसं पाठीवरून नेली, हे नंतर कळलं.

मग इंजिनाचा आवाज बदलला. कानांना आधी कळलं, डोळ्यांना मागाहून. आधी उसासा. मग खोकला. तोतारामनं वॉशर तपासला. वॉशरच असणार, दुसरं काय? त्यानं पाना घेतला, बोल्ट आवळला. नळी त्याच्या पायाशी फुगलेली होती, ती सैल पडायला लागली, मेलेल्या सापासारखी चपटी झाली, बोळाच्या तोंडापर्यंत, आणि बोळाच्या आतही होत असणार. तेव्हा त्यानं मागे पाहिलं. नदी नव्हती. काठापासून पंधरा हात काळा चिखल, चिखलात जाळी उघडी पडलेली, तोंड वासून हवा ओढणारी, आणि तिच्याशेजारी त्याची काडी, खालपासून वरपर्यंत कोरडी, सरळ उभी. त्यानं दांडा मागे ओढला. आता नळीला दोन हिसके द्यायचे होते. हे त्याला माहीत होतं. नळी पायाशी होती. वाकायचं, धरायचं, दोनदा ओढायचं, श्वासाएवढं काम. पण असोद्याच्या इंजिनवाल्याचं पाणी कधी तुटलं नव्हतं. त्याच्या डोक्यात एवढंच आलं, की आत्ता जोडतो, आत्ता, लोटनला कळायच्या आत. तो चिखलात उतरला. मांडीपर्यंत रुतला. पाईप ओढत घळीपर्यंत नेला, जाळीतला चिखल बोटांनी काढला, परत आला, पंपात वरून पाणी ओतून हवा काढली, इंजिन उठवलं. पाणी गेलं. नळी फुगली, फुगत फुगत बोळात शिरली, आणि बोळाच्या तोंडाशी गोदामाची भिंत आडवी पडलेली होती. नळी विटांखाली गेली होती. विटांच्या फटींतून पाणी वर येत होतं, हळूहळू, झऱ्यासारखं स्वच्छ. पलीकडच्या काठावरून बंबाची होडी आली, दुसरे तीन पंप आले, दवाखाना वाचला. एकही माणूस तळघरात राहिला नाही. भिंत अंगावर येईपर्यंत लोटन पाणी नसताना उभा होता. नळीचं तोंड हातात धरून, भिंतीकडे तोंड करून, दोन हिसक्यांची वाट पाहत.

अबू करीम काठावर आला तेव्हा पाणी परत चढायला लागलं होतं. त्यानं पाईप पाहिला, चिखल पाहिला, तोतारामच्या मांड्या पाहिल्या. मग खाली उतरून त्यानं ती काडी उपटली आणि कालव्यात फेकली. कागदावर त्यानं गोळा लिहिला. कंपनीनं गोळा लिहिला. पाहूरला तार गेली तीत गोळा होता. तोताराम राख घेऊन आला तेव्हा द्रौपदाबाईनं गडव्याला हात लावला आणि एवढंच विचारलं, "एकदम गेला ना रे? तरसला तर नाही?" आणि तो म्हणाला, "एकदम, माय." त्यानंतर त्यानं पंपाला हात लावला नाही. असोदं सोडलं. धुळ्याला शाळेत घंटा द्यायला लागला. घंटा वेळेवर देतो, असं हेडमास्तर सगळ्यांना कौतुकानं सांगतात.

पाहूरला उतरला तेव्हा बारा वाजून गेले होते. वाघुरीत दगड पांढरे पडले होते. निंबाला झोके बांधले होते, माहेरवाशिणी उन्हाची पर्वा न करता झुलत होत्या. लोटनचं घर धाब्याचं, दोन खणांचं. ओट्यावर सारवण ओलं. दारातच कुंदा उभी होती, लोटनचंच नाक, लोटनचीच बोलण्याची तऱ्हा.

"व माय, तुहा पित्तर आला बरं का!" ती आत पाहून ओरडली. "चार सालं वाट पाह्यली, आन आता आला त बारा वाजवून. रस आंबला असता म्हना."

"वाट लांबची आहे त्याची," आतून आवाज आला. "येऊ दे सावलीत."

द्रौपदाबाई बाहेर आली. चार वर्षांत ती लहान झाली होती. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. "वाळला रे. बायको खाऊ घालती ना? घालत नसली त सांग, मी येते धुळ्याले." तिच्या मागे ओट्याच्या कोपऱ्यात मातीवर घागर मांडलेली होती. नवी, लाल, गळ्याशी ओल आलेली. वर डांगर, दोन आंबे. ती मांडताना सकाळपासून काही गुणगुणत असावी, कारण बोलणं संपलं की तेच पुन्हा ओठांवर येत होतं:

घागर भरली व माय, भरली काठोकाठ
पित्तर माहा दूरचा, त्याले सापडो वाट

"बस," ती म्हणाली. पाट टाकलेला होता. ताट वाढलेलं होतं, खापरावरची पुरणाची पोळी, रस, कुरडई. तो बसला. तिनं तांब्यानं त्याच्या पायांवर पाणी घातलं. पाणी घोट्यावरून उतरलं, पाटाखाली गेलं, सारवणात जिरलं. तो घोट्यांकडे पाहत होता. कुणीतरी ओरडायला हवं होतं.

"हात कर पुढं, लोटन," ती म्हणाली. नाव घेताना तिचा आवाज अगदी साधा होता, पोराला जेवायला बोलवावा तसा.

त्यानं हात पुढे केले नाहीत. "माय," तो म्हणाला, "गोळा नव्हता."

कुंदा दारात थांबली.

"काय नव्हता?" द्रौपदाबाईनं विचारलं.

"लोटनले गोळा नाही लागला. मी पंपावर व्हतो. तो आगीत पाणी मारत व्हता. पाणी तुटलं, माय. नदी मागं गेली."

द्रौपदाबाईनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. "ऊन लागलं तुले," ती म्हणाली. "नदी कुठी मागं जाती का रे? कुंदे, कांदा फोडून आन."

लोटनचंच वाक्य. शब्दाला शब्द. चार वर्षं त्यानं हे सांगण्याचं भय धरलं होतं, आणि इथं, वाघुरीच्या काठी, हे खरं ठरूच शकत नव्हतं. त्याला वाटलं, आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. हात पुढे करावे, पाणी प्यावं, संध्याकाळच्या बसनं जावं. त्याच्या छातीतली हवा अर्धी सुटली. आणि उरलेल्या अर्ध्या हवेनं तो बोलायला लागला. समुद्राचा श्वास सांगितला. पाय सोडून बसलेला म्हातारा सांगितला, त्याला उठवलं ते सांगितलं. काडी सांगितली. दोन हिसके सांगितले, आणि ते दिले नाहीत हे सांगितलं. कुंदाच्या हातात फोडलेला कांदा तसाच होता. झोक्यावरच्या बायांचं गाणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

द्रौपदाबाई घागरीपाशी बसली होती. तिनं डांगर उचलून बाजूला ठेवलं. आंबे ठेवले. मग घागरीच्या गळ्यावरून बोट फिरवत, त्याच्याकडे न पाहता, तिनं विचारलं,

"किती येळ?"

"काय, माय?"

"पानी नव्हतं म्हने. किती येळ नव्हतं?"

हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. त्यानं स्वतःलाही मिनिटांत विचारलं नव्हतं. त्याची नजर तिच्या बोटावर होती. "ही घागर भरायले लागन, तितला," तो म्हणाला.

"आन तो तठीच उभा?"

"उभा."

"नळी हातात धरून?"

"धरून."

तिनं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मग दोन्ही हातांनी घागर उचलली. कुंदा धावली, "माय, तू नको," म्हणाली, पण म्हातारीनं तिला कोपरानं दूर केलं. ओट्याच्या कडेला जाऊन तिनं ती घागर पालथी केली. पाणी एकदम पडत नाही. घागर आधी हवा ओढते, मग पाणी सोडते, पुन्हा हवा ओढते. गुडगुड करत ती सगळी निंबाच्या मुळाशी रिकामी झाली. तापलेल्या मातीनं पाणी बघता बघता पिऊन टाकलं. तिनं रिकामी घागर कमरेवर घेतली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हात कर पुढं."

त्यानं ओंजळ केली.

"असाच बस. हात हालवू नको. मी भरून आनते."

"मी आनते ना," कुंदा म्हणाली. "हापशी लांब आहे, ऊन पाह्य."

"तू बस. त्याले पाह्य."

ती उतरली. अनवाणी, उन्हात, भिंतीच्या सावलीला न जाता रस्त्याच्या मधून. तोताराम ओंजळ धरून बसला होता. समोर ताटातल्या रसावर साय धरत होती. कुंदा त्याच्याकडे पाहत नव्हती, पण उठतही नव्हती. पायांवरचं पाणी सुकून गेलं होतं. दंड भरून आले, आणि त्याला दिसलं की आपण भिंतीकडे तोंड करून बसलो आहोत. आता कुणी मागून दोनदा ओढलं असतं तर तो उठला असता. लांबून हापशीचा दांडा वाजायला लागला. वर, खाली. वर, खाली. पहिल्यांदा नुसती हवाच येत होती.